बर्फातल्या हॉटेलातला उन्हाळा

माझ्या सासऱ्यांशी माझं पहिलं खरंखुरं बोलणं झालं ते लग्नानंतर पाच महिन्यांनी, आणि तेही बर्फात गाडल्या गेलेल्या एका हॉटेलाबद्दल.

तोपर्यंत आम्ही बोलतच नव्हतो असं नाही. ‘बाबा, वाढू?’ ‘वाढ.’ ‘नळ आले होते का?’ ‘आले होते.’ एवढं रोज व्हायचं. मी मिरजेकडची, लग्न करून नागपुरात आलेली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. सासूबाई आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. मी त्यांना फक्त हॉलमधल्या फोटोत पाहिलं होतं, आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर त्यांचं अक्षर वाचलं होतं. ‘जवस’, ‘लाखोळी डाळ’, ‘सुकलेली कैरी’. त्यातल्या काही डब्यांत आता दुसरंच काहीतरी असायचं, तरी चिठ्ठ्या कुणी काढल्या नव्हत्या. मीही काढल्या नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धंतोलीतल्या एका दवाखान्यात सकाळी आठ ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी माझी वेळ होती. मधल्या वेळात मी स्कूटरवरून अजनीजवळच्या आमच्या घरी यायची. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात, सकाळी सातला गेलेला संध्याकाळी सातला परत. म्हणजे दुपारचे चार तास घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा.

हिवाळ्यात ते सोपं होतं. ते हॉलमध्ये, मी आमच्या खोलीत. पण एप्रिल आला आणि आमच्या खोलीतल्या पंख्यातून तव्यावरची वाफ यावी तसा वारा येऊ लागला. घरात कूलर एकच होता, हॉलच्या खिडकीला लावलेला. तीन-चार दिवस मी हट्टाने आत पडून राहिले. पाचव्या दिवशी डोकं इतकं ठणकायला लागलं की उशी आणि लॅपटॉप उचलून मी गुपचूप हॉलमध्ये आले आणि भिंतीला टेकून बसले. बाबा दिवाणावर डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, उठले, कूलरचं तोंड थोडं माझ्या बाजूला वळवलं आणि पुन्हा जाऊन पडले.

नागपूरची ती दुपार अजून आठवते. खिडक्यांना जाड पडदे, दाराच्या फटीत ओलं पोतं, ओल्या गवताच्या जाळ्यांचा वास, आणि कूलरचा एकसुरी घरघराट. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. सगळं गाव डोळे मिटून पडलेलं. हॉलमध्ये हिरवट अंधार असायचा, आणि वेळ नक्की कुठल्या बाजूला चाललाय ते कळायचं नाही. मी कानांत हेडफोन घालायची आणि माझा खेळ उघडायची.

हे खेळ मला हॉस्टेलमध्ये लागले. माझ्या खोलीतल्या मुलीकडे एक होता. त्यात पळापळ नसते, मारामारी नसते. एक चित्र असतं, चित्रात एक बंद खोली. खाली एका पट्टीत गोष्ट लिहून येत राहते. आपण बटण दाबलं की पुढचं वाक्य येतं, नाही दाबलं की थांबतं. गोष्टीतली माणसं चित्रात उभी असतात, अधूनमधून पापण्या मिटतात आणि तुमची वाट पाहतात. मग गोष्ट एका बंद दाराशी येऊन थांबते आणि दार तुम्हाला उघडायचं असतं. खोलीत शोधायचं. उलटं टांगलेलं कॅलेंडर, तीन कप आणि दोनच बशा, पेटीचं कुलूप, भिंतीवरचे आकडे. कोडं सुटलं की दार उघडतं, गोष्ट पुढे जाते. मध्येच विचारतात, कुणाबरोबर जाणार, कुठल्या दाराने. तुम्ही जे निवडाल तशी गोष्ट वळते. काही वाटा चांगल्या शेवटाला नेतात, काही वाईट. वाईट शेवट आला तर मागे जाऊन दुसरी वाट धरता येते, आणि वाईट वाटेवर जे कळलं ते चांगल्या वाटेवर उपयोगी पडतं.

यात मला काय आवडतं ते नवऱ्यालाही कधी नीट सांगता आलं नाही. मला वाटतं, त्या खोलीत काहीच उगाच ठेवलेलं नसतं, हे मला आवडतं. तुटलेला कपसुद्धा कुणीतरी माझ्यासाठी तिथे ठेवून गेलेलं असतं. मी धीराने पाहत राहिले तर मला ते कळणार आहे, एवढी खात्री असते. नव्या घरात, नव्या गावात अशी खात्री कुठली? इथे बाबांचा बंद चेहरा होता, चिठ्ठ्या लावलेले डबे होते, आणि त्यातलं काय कशासाठी आहे ते मला कुणी सांगत नव्हतं.

त्या एप्रिलमध्ये मी नवा खेळ सुरू केला होता. डोंगरावरचं एक जुनं हॉटेल, बर्फात बुडालेलं. सहा माणसं वेगवेगळ्या खोल्यांत जागी होतात. इथे आपण कसे आलो, कुणालाच आठवत नाही. दारं बंद, खिडक्यांबाहेर पांढरं. बस, एवढी सुरुवात.

आठवडाभराने असेल, मी हेडफोन काढून पाणी प्यायला उठले तर बाबा दिवाणावर कोपरावर डोकं टेकून लॅपटॉपकडे पाहत होते.

“काय वाचून राहिली वं रोज?” त्यांनी विचारलं.

मी दचकले. “वाचत नाही बाबा. खेळ आहे.”

“खेळ हाय तर खेळत काहून नाही? मी पाहून राहिलो न आठ दिवसांपासून. तू तं नुसती वाचते.”

मला हसू आलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि सांगायला लागले. हॉटेल, सहा माणसं, बर्फ. ते ऐकत राहिले. तेव्हा मी एका तळघरात अडकले होते. तिथे पाणी तापवायची जुनी यंत्रणा होती आणि भिंतीत पाच दांडे. एक ओढला की दुसरा अडायचा, तो सोडवला की तिसरा परत वर जायचा. दोन दिवस मी तिथेच होते.

बाबा उठून बसले. चष्मा लावला. “हे तं माझं काम हाय,” ते म्हणाले.

ते केबिनमन होते हे मला माहीत होतं, पण म्हणजे काय ते नव्हतं. त्या दुपारी त्यांनी सांगितलं. स्टेशनाच्या टोकाला उंचावर एक केबिन, तिच्यात ओळीने उभे लोखंडी लिव्हर. लाल सिग्नलचे, काळे रूळ बदलायचे, निळे कुलपाचे. सगळे खालून एकमेकांत गुंतवलेले. रूळ नीट बसून त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर जागचा हलणारच नाही, किती का जोर लावा. म्हणजे माणूस चुकला तरी गाड्या चुकणार नाहीत. आणि पुढच्या केबिनमधून घंटी आल्याशिवाय गाडीला लाईन द्यायची नाही. चौतीस वर्षं त्यांनी ते लिव्हर ओढले होते.

“तू पहिल्यापासून पाहते, म्हणून अडते,” ते म्हणाले. “शेवटून पाहा. सगळ्यात शेवटी कोणता दांडा ओढाचा हाय? हा. मंग याले कोण अडवून राहिला? हा. मंग त्याले कोण?”

त्यांचं बोट पडद्यावरून मागे मागे सरकत गेलं. मी दांडे ओढत गेले. तळघरात कुठेतरी पाणी खळखळलं, नळांतून वाफ निघाली आणि दार उघडलं. मी टाळीच वाजवली. बाबांनी चष्मा काढून दुपट्ट्याने पुसला. “पुढं काय हाय?” ते म्हणाले.

त्या दिवसापासून हेडफोन बाजूला राहिले. मी साडेबाराला निघायची, तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्या भट्टीतून घरी पोचायची, तोवर बाबांनी कूलरची टाकी भरून ठेवलेली असायची. आम्ही जेवायचो, मी भांडी विसळायची, ते टरबुजाच्या फोडी करायचे आणि लॅपटॉप स्टुलावर ठेवून आम्ही दिवाणावर बसायचो. खेळ इंग्रजीत होता. मी पट्टीतलं वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची. माझ्या मराठीत सांगितलेलं ते त्यांच्या मराठीत पुन्हा म्हणून बघायचे. “म्हणजे हा टोपीवाला खोटं बोलून राहिला.” गोष्टीतल्या माणसांची नावं अवघड होती, म्हणून त्यांनी त्यांना आपली नावं दिली. टोपीवाला, मास्तर, लांब केसांची, डॉक्टर, चिडका. आणि सहावी चष्मेवाली. ती त्या हॉटेलात फोन जोडून द्यायच्या कामावर होती असं हळूहळू कळत जातं. कमी बोलायची. तिच्या चित्रात ती नेहमी किंचित मान तिरकी करून उभी असायची, दुरून काही ऐकू येतंय का असं पाहत असल्यासारखी. बाबांना ती सगळ्यात आवडायची.

“काहून?” मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

ते खूश झाले. त्यांच्या बोलीत ‘ती’चंही ‘ते’ व्हायचं. “ते विचारल्याशिवाय बोलत नाही. पण विचारलं तं बरोबर सांगते.”

बाहेर शेहेचाळीस, सत्तेचाळीस असायचं. पडद्याआडून येणारा उजेडसुद्धा पिवळा आणि गरम. आणि आमच्यासमोर बर्फ पडत असायचा, संथ, आवाज न करता. कधी कधी दोघंही वाचता वाचता पेंगायचो. डोळा लागायचा आणि हॉटेलाच्या त्या लांबच लांब व्हरांड्यांतून मी चालत असायची, जाग यायची तर कूलर घरघरत असायचा आणि बाबा म्हणायचे, “तू झोपली होती. मी काही दाबलं नाही. ते लोक उभेच हायेत.” खरंच ती माणसं पडद्यावर उभी असायची, पापण्या मिटत, आमची वाट पाहत.

मेच्या मध्यावर आम्ही चुकलो. एका वळणावर टोपीवाल्याबरोबर जायचं की चष्मेवालीबरोबर, असं विचारलं होतं. टोपीवाल्याकडे किल्ल्यांचा जुडगा होता, म्हणून मी म्हटलं त्याच्याबरोबर जाऊ. बाबा हो म्हणाले. दोन तासांनी गोष्ट फिरून वरच्या मजल्यावर आली. फोनच्या खोलीचं दार आतून बंद होतं. ते तोडलं तेव्हा खिडकी उघडी होती, सगळी खोली बर्फाने भरलेली, आणि खिडकीच्या कट्ट्यावर फक्त चष्मा ठेवलेला. काचांवर हिम जमलेलं. पडदा हळूहळू पांढरा झाला आणि वाईट शेवटाचं संगीत लागलं.

“गेली?” बाबांनी विचारलं.

“हो. पण काही नाही बाबा, मागे जाता येतं. हे बघा.” मी त्यांना वाटांचा नकाशा दाखवला. चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, कुठे कुठली वाट फुटते ते. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. स्टेशनातल्या रुळांच्या नकाशासारखाच दिसतो म्हणाले. मग म्हणाले, “आज राहू दे. गावाहून आल्यावर पाहू.”

दुसऱ्या दिवशी त्यांना पुतणीच्या लग्नासाठी भंडाऱ्याकडे जायचं होतं, चार दिवस.

पहिल्या दुपारी मी झोपले. दुसऱ्या दुपारी घर फार मोठं वाटायला लागलं. लॅपटॉप उघडला तो फक्त ते वळण पुन्हा पाहावं म्हणून. पण असं कधी थांबता येत नाही. मी चष्मेवालीबरोबर गेले, नवी दारं लागली, त्या वाटेवर कळलेला एक आकडा दुसऱ्या वाटेवर चालला, आणि तिसऱ्या दिवशी चार वाजता सगळी सहा माणसं हॉटेलाच्या मुख्य दारातून बाहेर पडली. सूर्य उगवत होता. कोण कसं आणि का तिथे आलं होतं ते सगळं उलगडलं. मी डोळे पुसले आणि दवाखान्यात गेले. नकाशातला एकच चौकोन राखाडी राहिला होता, अगदी कडेला. कुठलातरी किरकोळ शेवट असेल म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

बाबा आले ते लाडूंचा डबा घेऊन. जेवण होताच स्टूल ओढलं. मी आधीची साठवलेली नोंद उघडली, जिथे आम्ही चुकलो होतो त्या वळणाची, आणि या वेळी आम्ही चष्मेवालीबरोबर निघालो. आपण काहीच पाहिलेलं नाही अशा चेहऱ्याने मी वाचायला लागले. दहा मिनिटं बरं चाललं. मग चष्मेवाली वळली, आणि मी म्हटलं, “ती म्हणते, मला हा आवाज आधीपासून येत होता.”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले.

“काय झालं?”

“वाक्य कुठं आलं अजून? तू दाबलंच नाही,” ते म्हणाले.

पट्टी रिकामी होती. बटणावर माझं बोट नुसतं ठेवलेलं होतं.

“तू पुढं जाऊन आली,” बाबा शांतपणे म्हणाले.

“बाबा, मी...”

“वाचली का ते चष्मेवाली?”

“हो. वाचली.”

“बरं झालं.” ते उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि आतल्या खोलीत गेले. तिथे कूलरची हवा पोचत नव्हती. पंखा लावल्याचा आवाज आला.

चार दिवस ते दुपारी आतच झोपले. नवतपा सुरू होता, वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. मी दोनदा दाराशी जाऊन म्हटलं, “बाबा, हॉलमध्ये या ना, आत किती गरम होतंय.” दोन्ही वेळा, “मले बरं हाय इथं.” टाकी मात्र ते रोज भरून ठेवायचे. मी एकटीच त्या थंड हॉलमध्ये बसायची, आणि मला लाज वाटायची. एका खेळासाठी एवढं काय, असंही वाटायचं आणि आपण फार मोठं काही मोडलंय असंही.

शेवटी रविवारी सकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो दाढी करत होता. सगळं ऐकल्यावर त्याचा हात थांबला.

“आई त्यांना वाचून दाखवायची,” तो म्हणाला. “मासिकातली गोष्ट, क्रमशः यायची ती. बाबांची ड्यूटी कधीही असायची. कधी कधी तीन-तीन दिवस भेट नाही. तोवर आई मासिक गादीखाली ठेवायची. शेजारच्या बायकांचं वाचून व्हायचं, त्या सांगायला यायच्या, तर आई कानावर हात ठेवायची. ते आल्याशिवाय नाही म्हणायची.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“मलापण आत्ता आठवलं,” तो म्हणाला.

सोमवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन सरळ आतल्या खोलीत गेले. बाबा उघड्या अंगाने भिंतीकडे तोंड करून पडले होते, पाठ घामाने भिजलेली. मला पाहून उठून बसले आणि सदरा ओढला.

“बाबा, माझी चूक झाली,” मी म्हटलं. “मला धीर धरवला नाही.”

“खेळ तुया हाय. तू पाह्यला. त्याच्यात चूक कायची?”

“दोघांचा होता.”

ते सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिले.

“पहिल्यापासून लावू. अगदी पहिल्या खोलीपासून. मी फक्त वाचून दाखवीन. काय निवडायचं ते तुम्ही. मी एक शब्द सांगणार नाही.”

“तुयं तोंड सांगते न. मले समजते.”

“मग मी मागे बसते. तुम्हाला माझं तोंड दिसणारच नाही.”

त्यांनी दुपट्ट्याने मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाले, “इथं लय उकडून राहिलं. चाल हॉलमध्ये.”

अशी आमची दुसरी फेरी सुरू झाली. बाबा स्टुलासमोर दिवाणावर आणि मी त्यांच्या मागे वेताच्या मोड्यावर बसून त्यांच्या खांद्यावरून वाचणार. बटण आता त्यांच्या हातात. त्यांचं बोट जाड, लोखंड ओढून ओढून रापलेलं, आणि लॅपटॉपची ती गुळगुळीत चौकट त्याला दाद द्यायची नाही. बाण भलतीकडेच पळायचा. मी मदत करू का म्हणायची, ते नको म्हणायचे. एकेका खोलीला एक एक दुपार लागली.

आणि मला, जिने सगळं पाहिलेलं होतं, एक नवीनच सुख लागलं. ते कपाटाकडे जातात, किल्ली त्याच्या मागेच आहे हे मला माहीत आहे, ते पाहत नाहीत, परत फिरतात, खिडकीतून बर्फ पाहतात. मी जीभ दाताखाली धरून बसलेली. मग काहीतरी त्यांच्या मनात येतं, मान हलते, ते परत कपाटाशी जातात. “अरे बाप्पा!” त्यांच्या तोंडून निघायचं, आणि मला वाटायचं किल्ली मलाच सापडली. आपण एकदा राहून गेलेल्या घरात दुसऱ्याला हिंडताना पाहत बसावं, तसं ते होतं. त्या दुपारी माझा आवाज मलाच दुरून आल्यासारखा वाटायचा, झोपेत कुणी गोष्ट सांगावी तसा.

ते वळण आलं. बाबांनी चष्मेवालीला निवडलं. पण त्यांनी आधी एक आकडा पाहिला नव्हता, म्हणून त्यांची वाट माझ्या वाटेवर गेलीच नाही. मी मागे बसून घाबरले. गोष्ट फिरत फिरत पुन्हा वरच्या मजल्यावर आली, पुन्हा तेच बंद दार, चष्मेवाली आत. पडद्यावर दोन पर्याय आले. दार तोडा. थांबा.

आधीच्या फेरीत आम्ही हे दार तोडलं होतं, आणि खिडकीशी चष्मा मिळाला होता. ‘थांबा’ मी कधी दाबलंच नव्हतं. बंद खोलीच्या खेळात थांबायचं कशाला?

बाबांनी ‘थांबा’ दाबलं.

काही झालं नाही. तेच दार, तेच चित्र. पुन्हा तेच दोन पर्याय. बाबांनी पुन्हा ‘थांबा’ दाबलं. बाहेर बर्फाचा बारीक आवाज. पुन्हा. मला वाटलं हे असंच चालत राहणार, सांगून टाकावं. पण मी शब्द दिला होता.

“पलीकडून घंटी आल्याशिवाय लाईन द्याची नसते,” ते स्वतःशीच पुटपुटले. “ते हाय न तिकडं. सांगन ते.” आणि पुन्हा दाबलं.

सहाव्यांदा की सातव्यांदा, आतून टकटक झाली. एकदा, मग दोनदा.

दार आतून उघडलं. चष्मेवाली उभी होती, केसांत बर्फ, नाकावर चष्मा. ती म्हणाली, तुम्ही दार तोडलं असतं तर वाऱ्याने खिडकी सताड उघडून मला बाहेर ओढलं असतं. मला ती आतून बंद करायला वेळ हवा होता.

हे मी वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता, आणि तो बाबांना ऐकू आला.

“हे तुले ठाऊक नव्हतं,” ते मागे न वळता म्हणाले.

“नव्हतं बाबा. खरंच नव्हतं.”

तोच तो राखाडी चौकोन होता. त्या शेवटात कुणीच हॉटेलाबाहेर पडत नाही. सहाही जण स्वयंपाकघरात शेगडीभोवती बसतात, चष्मेवाली सगळ्यांना काहीतरी गरम ओतून देते, बाहेर बर्फ पडतच असतो. टोपीवाला म्हणतो, सकाळी कुणीतरी येईल. एवढंच. ते इथे कसे आले तेही कळत नाही.

“बाबा, पण कुणी सुटलंच नाही,” मी म्हटलं. “दुसऱ्या शेवटात सगळे सुटतात. तो दाखवू?”

“नको. आत बसले हायेत सगळे, गरम चहा हाय. बाहेर जाऊन काय करतीन?” त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. “हे बरं झालं.”

मीही चहा ठेवला. कप घेऊन आले तेव्हा ते सासूबाईंच्या फोटोकडे पाहत होते.

“पोरानं तुले सांगितलं असन,” ते म्हणाले. “मासिकाचं.”

“हो.”

“मले सोडून ते पान नाही उघडाची.” त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. “आमच्या केबिनीत तेच मासिक यायचं. स्टेशन मास्तर आणायचा. मी ड्यूटीवरच वाचून टाको. गाडीले दोन घंटे असाचे, काय करशीन? मंग घरी आल्यावर ते वाचे आणि मी आँ, आँ करो. जसं पहिल्यांदाच ऐकून राहिलो.”

मी कप खाली ठेवला.

“म्हणजे तुम्हीही पुढे जाऊन यायचे?”

“दर खेपी.” ते हसले, मग डोळे मिटले. “ते मागं बसत नव्हती तुयासारखी. समोर बसून वाचे. माया तोंडाकडं पाहून. आता तिले समजत होतं का नव्हतं समजत, कोण जाणे. कधी म्हणाली नाही. तू पुढं जाऊन आली तवा मले तुया राग नव्हता आला वं. मले वाटलं, तिलेबी माया तोंडावर असंच दिसत असन.”

कूलर घरघरत होता. आम्ही चहा संपवला. पाचला मला दवाखान्यात जायचं होतं. मी निघाले तेव्हा त्यांनी स्कूटरच्या तापलेल्या सीटवर स्वतःच ओलं फडकं फिरवून ठेवलं होतं.

जूनच्या अखेरीस जाळ्या काढून कूलर पुसून आत ठेवला गेला आणि मला पुन्हा आमच्या खोलीत बसता येऊ लागलं. पण दुपारी मी हॉलमध्येच राहिले. आम्ही आणखी दोन खेळ खेळलो. एक अंतराळातला होता, तो त्यांना पटला नाही; दुसऱ्यात भुतं निघाली म्हणून मीच बंद केला. मग खेळ मागे पडले आणि आम्ही नुसतेच बोलत बसायला लागलो. डब्यांत काय काय असायचं ते त्यांनी मला एकदा ओळीने सांगितलं. लाखोळी डाळ मी आता करते, त्यांना आवडते तशी, लसणाची फोडणी देऊन.

गेल्या वर्षी धरमपेठेतल्या एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. मे महिना, मांडवात पंख्यांची नुसती गरम झुळूक. बाबांना त्यांचे एक जुने सोबती भेटले, तेही केबिनमन. नोकरीतली शेवटची काही वर्षं ते काश्मीरकडे होते आणि तिथल्या थंडीचं त्यांना मोठं कौतुक. मी ताट घेऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. ते बोलत होते आणि बाबा मान हलवत ऐकत होते. मग बाबा म्हणाले, “थंडीचं मले सांगू नको. अख्खा उन्हाळा मी बर्फात काढला हाय.”

“कुठं गा?” सोबत्याने विचारलं.

“डोंगरावर, हॉटेलात,” बाबा म्हणाले. “सहा जण होते तिथं. मी आणि माई सून धरून आठ.” आणि ते त्याला पहिल्या खोलीपासून सांगायला लागले.